नकार द्यायचाच असेल तर लेखी द्या

प्रति,
मा. प्रकाश आबिटकर, सार्वजनिक आरोग्यमंत्री,
मा. हसन मुश्रीफ, वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या किंवा विम्याच्या रुग्णाला दवाखाना तोंडी नकार देतो, तो लेखी द्यावा, एवढाच विषय आहे. दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण विषय दोन्ही खात्यांच्या हद्दीवर पडतो, आणि हद्दीवरचं काम नेहमी पलीकडच्याचं असतं. राज्याचं सार्वजनिक आरोग्य राधानगरी-भुदरगडच्या आमदारांकडे आणि वैद्यकीय शिक्षण कागलच्या आमदारांकडे, असा योग कोल्हापूरच्या वाट्याला पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक. तेव्हा आत्ताच बोललेलं बरं.

मी राजारामपुरीत औषधाचं दुकान चालवतो. आमच्या गल्ल्यांत दवाखाने किती, हे आपल्याला सांगायला नको. पेशंटची फाईल दुकानदाराला दिसत नाही, चिठ्ठी मात्र दिसते, आणि चिठ्ठीवरून पुष्कळ कळतं.

गेल्या पावसाळ्यात शाहूवाडीकडचा एक गडी दुकानात आला. बायकोचं ऑपरेशन होतं. हातात चिठ्ठी होती ती वहीच्या फाडलेल्या पानावर. वर दवाखान्याचं नाव नाही, खाली डॉक्टरांची सही नाही, शिक्का नाही. पण अक्षर सरावाचं. दोन प्रकारची इंजेक्शनं, सलाईनचा सेट, टाक्यांचा धागा, ग्लोव्हज. खर्चाचा अंदाज विचारून झाल्यावर तो म्हणाला, "योजनेत बसवलंय म्हणत्यात, पण एवढं भाईरनं आणाय सांगितलंय." मी म्हटलं, योजनेत बसवलं असेल तर औषधं पॅकेजमध्येच, म्हणजे योजनेनं ठरवलेल्या एकत्र दरातच असतात, आणि अशा चिठ्ठीवर इंजेक्शनं देता येत नाहीत, जरा नाव-शिक्का घालून आणा. गडी गेला. अर्ध्या तासानं तो माझ्या दुकानावरून परत चालला होता. हातात दुसऱ्या दुकानाची पिशवी होती. मी हाक मारल्यावर थांबला आणि एवढंच बोलला, "शिक्का मागितला तर म्हणाले, मग योजना राहू दे, बिलच करतो तुमचं."

बाहेरून औषधं आणायला लावतात, ही बातमी जुनीच आहे. मला अडकून राहिलं ते त्या पानाचं कोरेपण. मागणारा कोण, हे कागदावर कुठंच नव्हतं. त्या गड्यानं उद्या तक्रार करायची म्हटली तर तो दाखवणार काय?

नकाराचंही असंच आहे. तो तर वहीच्या पानावरही येत नाही, तोंडीच असतो. "योजनेचा बेड शिल्लक नाही." "कार्ड ऑनलाईन दिसत नाही." "हे ऑपरेशन पॅकेजमध्ये बसत नाही." "डॉक्टर बाहेरगावी आहेत." "आधी डिपॉझिट भरा, कागद नंतर बघू." ही वाक्यं मी काउंटरच्या अलीकडून इतक्यांदा ऐकली आहेत की गिऱ्हाईकानं पहिले दोन शब्द उच्चारले तरी पुढचे मला म्हणता येतील. यातलं एखादं वाक्य खरंही असेल. बेड खरंच भरलेले असतात, काही उपचार खरंच योजनेच्या यादीत नसतात, काही सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव असतात. पण खरं कोणतं आणि बनाव कोणता, हे ठरवायला दुसऱ्या दिवशी हाताशी काहीच उरत नाही.

योजनेला नावं ठेवायला हे पत्र नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आधी पिवळं आणि केशरी रेशनकार्ड लागायचं, दीड लाखाची मर्यादा होती. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं पांढऱ्या कार्डासकट सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण द्यायचं ठरवलं आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, केंद्राचं वेगळं कार्ड मिळतं. हृदयाची, मूत्रपिंडाची, कर्करोगाची महागडी उपचारपद्धती ज्यांना स्वप्नातही परवडली नसती अशी माणसं या योजनेमुळं आज चालती-फिरती आहेत; त्यातली काही माझी रोजची गिऱ्हाइकं आहेत. कुणी ही योजना बंद करा म्हणालं तर मी पहिला विरोध करीन.

पण साहेब, कार्ड सगळ्यांना मिळाल्यापासून एक गोष्ट उलटी झाली आहे. पूर्वी माणसाला ठाऊक असायचं, आपल्याला काही मिळणार नाही. तो सरळ सीपीआरची, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाची वाट धरायचा. आता मोबाईलमध्ये पाच लाखांचं कार्ड घेऊन तो चकचकीत काचेच्या दारात उभा राहतो, तिथून परत फिरतो, दुसऱ्या दारात जातो, आणि सीपीआरला पोचेपर्यंत रात्र झालेली असते. चंदगडहून निघालेल्याला कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब. त्यातून शहरात आल्यावर तीन ठिकाणी फिरणं आलं.

आणि मग फोन. हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. या जिल्ह्यात आजारी माणसाच्या घरचे सगळ्यात आधी कुणाला गाठतात? नेत्याच्या माणसाला. आपल्या दोघांच्याही कार्यालयांत रुग्णांच्या नातेवाइकांची रांग असते, मुश्रीफ साहेबांनी वर्षानुवर्षं रुग्णांना मुंबईला उपचारासाठी पाठवलं, हे जिल्हा जाणतो आणि त्याबद्दल आदरही बाळगतो. पण एक गोष्ट विचारतो, राग मानू नये. मंत्र्याच्या पीएचा फोन आला की ज्या दवाखान्यात दुपारी बेड नव्हता तिथं संध्याकाळी बेड निघतो. तो बेड दुपारी कुठं होता? फोन लावणारा कुणी नसलेल्या माणसाला दुपारी जे सांगितलं गेलं त्याची नोंद असती, तर हा प्रश्न मला दुकानात बसून विचारावा लागला नसता.

नकाराची नोंद ठेवावी, ही काही माझी अजब कल्पना नाही. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातल्या एकामागोमाग एक सरकारी रुग्णालयांनी "जागा नाही" म्हणून परत पाठवलं. शेवटी त्यानं खासगीत पैसे भरून उपचार घेतले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९६ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत हे कारण सरकारला देता येणार नाही. त्याला पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. त्या प्रकरणात नेमलेल्या चौकशी समितीनं सुचवलं होतं ते असं: आलेल्या रुग्णाचं नाव, आजार, येण्याची तारीख आणि वेळ, त्याला दाखल केलं की कुठं पाठवलं, हे सगळं डॉक्टरनं स्पष्ट लिहून ठेवावं. तीस वर्षं होत आली. कोल्हापुरात आजही तुम्हाला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवलं तर त्याचा कागद मिळत नाही.

खासगी विम्याकडं वळतो, कारण लोक म्हणतात, सरकारी योजनेचा भरवसा नाही तर स्वतःची पॉलिसी काढा. काढतात लोक. माझ्या थोरल्या भावानं एका खासगी कंपनीची तीन लाखांची काढली होती, हप्ता कधी चुकवला नाही. पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. पॉलिसीत खोलीचं भाडं रोज विम्याच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे तीन हजार. दवाखान्यात सांगितलं, तीन हजारांची खोली नाही, पाच हजारांची आहे, घ्यायची तर घ्या. घेतली. भावाला वाटलं, वरचे दोन हजार रोजचे आपण भरू. डिस्चार्जच्या दिवशी कळलं की असं नसतं. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, सगळ्यालाच त्याच प्रमाणात कात्री लागते. पाचातले तीन हजार मंजूर, म्हणून प्रत्येक शंभरातले साठच मंजूर. औषधं, तपासण्या, बसवलेली उपकरणं आणि आयसीयू यांना ही कात्री लावता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे, पण तो वॉर्डात कोण सांगतो? भावानं दवाखान्याला एकच गोष्ट मागितली: "तीन हजारांची खोली त्या दिवशी उपलब्ध नव्हती" एवढं लिहून द्या, मी कंपनीशी भांडतो. दिलं नाही. "असं लिहून द्यायची पद्धत नाही."

पद्धत नाही!

नियामकानं आपल्या बाजूनं बरंच केलंय, ते मान्य करायला हवं. २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा, म्हणजे बिल परस्पर दवाखान्याला भरण्याचा निर्णय कंपनीनं तासाभरात द्यायचा, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि दवाखान्यानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत चार वर्षांवरून तीनवर आणली. दावा नाकारायचा तर कंपनीतल्या समितीच्या संमतीनं, पॉलिसीतल्या नेमक्या अटीवर बोट ठेवून. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात दवाखाना म्हणतो आम्ही शेवटचं बिल सकाळी अकराला पाठवलं, कंपनी म्हणते आम्हाला चारला मिळालं, आणि पेशंट संध्याकाळी सातपर्यंत कपडे बदलून, सुई काढलेल्या हातावर कापूस दाबून खाटेवर बसलेला असतो. तीन तास मोजायचे कुठून? दवाखान्यानं पेशंटच्या हातात वेळ घातलेला कागद दिला असता तर त्या तीन तासांना काही अर्थ होता. पुण्याला विमा लोकपाल आहेत, तिथं वकील लागत नाही, फी लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची तक्रार चालते. पण तेही पहिल्यांदा कागदच मागणार.

जीएसटीचं दोन वाक्यांत सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के कर शून्य झाला, पेढे वाटण्यासारखीच गोष्ट. गटविम्यावरचा मात्र तसाच राहिला, आणि पतसंस्था, सूतगिरण्या, शिरोली-गोकुळ शिरगावच्या छोट्या कारखान्यांतला कामगार विमा घेतो तो बहुतेक गटातूनच.

आता आपण म्हणाल, विमा कंपन्या केंद्राच्या अखत्यारीत, आम्ही काय करणार? खरं आहे. पण दवाखान्याची नोंदणी कुणाकडं आहे? महाराष्ट्रानं केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा घेतलेला नाही; इथं १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा चालतो, आणि त्याचे नियम राज्यानं २०२१ मध्ये सुधारले. रुग्णहक्कांची सनद लावा, दरपत्रक दर्शनी भागात लावा, तक्रारीची सोय ठेवा, हे त्याच नियमांत आलं. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, तेही राज्याचंच. नियमात एक ओळ वाढवायला दिल्लीला जावं लागत नाही.

ती ओळ अशी असावी, असं माझं म्हणणं आहे. दारात आलेल्या रुग्णाला दाखल करून घेता येत नसेल, योजनेत बसवता येत नसेल, विम्याच्या मर्यादेतली खोली देता येत नसेल किंवा बाहेरून काही आणायला सांगायचं असेल, तर दवाखान्यानं अर्ध्या पानाची मराठीतली पावती द्यावी. तिच्यावर वेळ, कारण, देणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि पुढं कुठं पाठवलं ते असावं. एक प्रत रुग्णाला, एक दवाखान्यात. दर महिन्याला ही नक्कल शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडं आणि बाकी जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडं जावी. कारण "बेड नाही" असेल तर बेड नाही असंच लिहावं, त्यात लाजायचं काय? पावती न देणाऱ्या दवाखान्याच्या नोंदणीच्या नूतनीकरणावर त्याचा परिणाम दिसावा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करायला योजनेनं नेमलेला माणूस, बसलेलाच असतो. त्याला ही पावती फाडायचा अधिकार द्या, आज त्याच्या हातात दिलासा द्यायच्या पलीकडं फारसं काही नसतं.

डॉक्टर मंडळी म्हणतील, आणखी एक रजिस्टर. माझे निम्मे मित्र डॉक्टर आहेत, त्यांची बाजूही लिहितो. योजनेचे पॅकेजचे दर परवडत नाहीत, दाव्यांचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत, एखादं कागदपत्र कमी म्हणून दावा परत येतो, वीस खाटांच्या दवाखान्याला पगार थांबवता येत नाहीत, हे ते सांगतात तेव्हा खोटं बोलत नाहीत. त्यांचे पैसे वेळेवर द्या, हेही या पत्राचंच म्हणणं आहे. पण रजिस्टरचं ओझं ऐकून मात्र हसू येतं. गर्भलिंग निदान रोखायला प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा 'एफ' फॉर्म भरला जातो, आणि त्या मशीनवर सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र, बसवायचा प्रयोग याच कोल्हापूर जिल्ह्यानं करून दाखवला. तेव्हाही जड जाईल, काम अडेल म्हणत होतेच की. पावतीचं पुस्तक छापायला माझ्या दुकानाच्या बिलबुकाएवढाच खर्च येतो.

शिवाय दवाखान्यांनाच त्याचा फायदा आहे. "पॅकेज परवडत नाही म्हणून दाखल केलं नाही" असं शंभर पावत्यांवर लिहून आलं, तर दर वाढवून मागताना त्यांच्या संघटनेला निवेदन लिहायची गरज उरणार नाही; पावत्या ठेवल्या की झालं.

सुरुवात सीपीआरपासून करा. तिथं दुसऱ्याकडं बोट दाखवायची सोय नाही, ते मुश्रीफ साहेबांच्या खात्याचं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. त्या निर्णयात वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालयं नव्हती. म्हणजे गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात मोफत, आणि तिथून वर पाठवलेल्या रुग्णाला सीपीआरला वेगळा हिशेब. हा फरक गावाकडून आलेल्या म्हातारीला कसा समजवायचा? तिला दोन्ही सरकारचेच दवाखाने. शेंडा पार्कला अकराशे खाटांचं रुग्णालय होतंय याचा आनंद आहेच, पण इमारत वाढली म्हणून दारातलं वाक्य बदलतं, असं माझ्या तरी पाहण्यात नाही.

एक विषय या पावतीत बसत नाही, तरी सोडवत नाही. माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "अर्धीच पट्टी द्या." मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी महिन्याची न घेता पाच-पाच दिवसांची घ्यायची, पगार झाला की पुढची. पाच लाखांच्या कार्डातून या गोळ्या मिळत नाहीत, कारण योजना दवाखान्यात झोपलेल्या माणसासाठी आहे. खासगी विम्याचंही बहुतेक तेच. अर्धी पट्टी घेणारा माणूस एक दिवस झटका येऊन दाखल होतो, आणि तेव्हा सरकार त्याच्यावर लाखाचा खर्च करायला तयार होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या अखंड मिळाल्या पाहिजेत, "स्टॉक संपलाय, पुढच्या आठवड्यात या" न ऐकता. योजना नीट चालली आणि केंद्रात गोळ्या मिळाल्या तर माझा धंदा कमी होईल, हा हिशेब मला येतो. तरी लिहितोय.

राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तिथं डॉक्टर संपावर गेले, बराच गोंधळ झाला, पण तातडीच्या उपचारासाठी आधी पैसे मागू नयेत ही गोष्ट कायद्यात आली. आमची मागणी त्या मानानं केवढीशी आहे. आम्ही उपचाराचा हुकूम मागत नाही, नकाराची पावती मागतोय.

कोल्हापूरकर मागणी सोडत नाहीत, हे आपण शहरातल्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी पाहिलंय. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी किती वर्षं घोषणा दिल्या, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथं बसलं. आता हक्क नाकारला म्हणून दाद मागायला मुंबईला जायला नको. पण तिथं उभं राहिलं की पहिला प्रश्न येणार, तुम्हाला दाखल करून घ्यायला नकार दिला याला पुरावा काय? शाहूवाडीच्या त्या गड्याकडं तेव्हाही नव्हता, आजही नाही.

पावतीचा नमुना मी तयार करून ठेवलाय, मराठीत, अर्ध्या पानाचा, कार्बनची जागा सोडून. पालकमंत्री म्हणून आबिटकर साहेबांनी जिल्हा नियोजनच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि मुश्रीफ साहेबांनी सीपीआरच्या अपघात विभागात त्याचं पहिलं पुस्तक ठेवावं. छपाईचा खर्च अडत असेल तर पहिली पन्नास पुस्तकं आमच्या गल्लीतले दुकानदार मिळून देतो.

कळावे.

आपला,
राजारामपुरीतला एक औषध दुकानदार
कोल्हापूर